धडगाव : धड गाव, ना धड शहर. मग हे वसवलं कोणी?

तापीकाठचा

राम राम मंडळी.

मागच्या आठवड्यात भाच्याचा एक ऑनलाइन फॉर्म भरत बसलो होतो. जिल्हा निवडला नंदुरबार. तालुक्यांच्या यादीत नंदुरबार आहे, नवापूर आहे, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आहेत, धडगाव मात्र कुठेच नाही. भाचा पुण्यात वाढलेला. म्हणाला, "मामा, तुमचा तालुका रद्द झालेला दिसतोय." मग डोक्यात प्रकाश पडला. कागदावर तालुक्याचं नाव 'अक्राणी'. एसटीच्या पाटीवर 'धडगाव'. आणि नगरपंचायतीचं नाव वाचायचं तर पाणी पिऊन बसावं लागतं : 'धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक'. एवढंसं गाव आणि नावं चार!

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहादा-तळोद्याच्या काळ्या सपाटीत उभं राहून उत्तरेला बघितलं की सातपुड्याची निळी भिंत दिसते. त्या भिंतीच्या पलीकडे आणि नर्मदेच्या अलीकडे जो डोंगराळ मुलूख आहे, तो अक्राणी. तळोद्याकडून कोठारवरून चांदसैली घाट चढून जावं लागतं. धडगाव उदई नदीच्या खोऱ्यात आहे. खान्देश म्हणजे तापीचं खोरं असं आपण शाळेत घोकलं, पण या गावावर पडलेला पाऊस तापीला जातच नाही, उदईतून नर्मदेला जातो. मला हे चाळिशीत कळलं.

माझे आजोबा शहाद्याचे. घोड्यांवर माल लादून वर जायचे. जाताना मीठ, गूळ, तंबाखू, लुगडी, रंगीत मणी. येताना चारोळी, मोहफुलं, डिंक, मध. पुढे त्यांनी धडगावातच दुकान टाकलं, पुढे दुकान आणि मागे घर. वडिलांचा जन्म तिथलाच. लहानपणापासून आमच्या घरात एक वाक्य ऐकत आलोय, "धडगाव आपण वसवलं. आधी तिथं काय होतं? झाडं आणि दगड."

आता वय झाल्यावर शंका येते. खरंच तसं होतं का? कोणाला या गावाच्या मुळाबद्दल काही ठाऊक असेल तर लिहा. ऐकीवही चालेल, फक्त ऐकीव आहे असं सांगून लिहा.

खान्देशी_अप्पा

बरं व्हयनं भाऊ, हाऊ इशय काढा तू. पुढचं मराठीतच लिहितो, नाहीतर पुणेकर दुभाषा मागतील.

मी एसटीत वाहक होतो. धडगाव मुक्कामी गाडी बरीच वर्षं केली. तेव्हा तिकिटांचा पत्र्याचा ट्रे आणि पंच असायचा. माझ्याकडे तिकीट धडगावचं, पण माणूस म्हणायचा, "रोषमाळ द्या." दुसरा म्हणायचा, "वडफळ्या." भाडं सगळ्यांचं सारखंच. नवा होतो तेव्हा एका म्हाताऱ्याशी वाद घातला की बाबा, रोषमाळ नावाचा टप्पाच नाही माझ्या कागदावर. तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या कागदावर नसेल. मी तिथं राहतो."

आमच्या डेपोत कोटी चालायची, "धड गाव नही, धड शहर नही, म्हनीसन धडगाव." बाकी इतिहास मला नको विचारू. शेवटची गाडी पोचली की मागच्या सीटवर घोंगडी टाकायची आणि झोपायचं. उन्हाळ्यातसुद्धा घोंगडी लागायची बरं का, खाली शहाद्यात अंगाची लाही होत असताना.

मीनल_क

वाचतेय. अप्पा, लिहीत राहा.

बखरीचा_किडा

कागदोपत्री जेवढं आहे तेवढं सांगतो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खान्देश इंग्रजांकडे गेला. सपाटीचा मुलूख त्यांना लवकर हाती आला, डोंगर आला नाही. त्यासाठी १८२५ मध्ये धरणगावला आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी केली, म्हणजे डोंगरातल्याच माणसांच्या हाती बंदूक देऊन डोंगर ताब्यात घ्यायचा. अक्राणीच्या पश्चिमेला काठी, सिंगपूर, गव्हाळी वगैरे मेवासी संस्थानं होती, त्यांचे आपापले राजे. अक्राणीचा परगणा त्यांच्याहून वेगळा. जुनी माणसं अजून 'अक्राणी महाल' म्हणतात. हा 'महाल' म्हणजे राजवाडा नव्हे, महसुली विभाग. हा घोटाळा फार जण करतात आणि मग महाल शोधत फिरतात.

जिल्ह्याचं म्हणाल तर १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. हा भाग पश्चिम खान्देशात, म्हणजे नंतरच्या धुळे जिल्ह्यात आला. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला, तेव्हा तिकडे. या सगळ्यात मुलुखाचं नाव अक्राणीच राहिलं. अक्राणी नावाचं गाव आणि पडका किल्ला वेगळीकडे आहे. कचेरी बसली धडगावात. म्हणून फॉर्ममध्ये अक्राणी आणि गाडीवर धडगाव. भाच्याला सांगा, तालुका शाबूत आहे.

तो किल्ला कुणा 'अक्काराणी'ने बांधला अशी गोष्ट सांगतात, आणि तिचं नातं थेट मेवाडशी जोडतात. माझा विश्वास नाही. आधी गावाचं नाव असतं, मग नावातून राणी निघते. महाराष्ट्रात अशा किती राण्या निघाल्या असतील देव जाणे.

थोडक्यात माझं मत असं की गाव कचेरीने वसवलं. व्यापारी कचेरीच्या मागे आले.

उदईची_लेक

जय आदिवासी सगळ्यांना. मी पावरा आहे, धडगावच्या जवळचीच, शाळेत शिकवते. धागा दोनदा वाचला. एक जण म्हणतो व्यापाऱ्यांनी वसवलं, दुसरे म्हणतात कचेरीने. आम्ही तेव्हा कुठे होतो? झाडं आणि दगड यांच्यामध्ये कुठेतरी?

तापीकाठच्या दादा, राग मानू नका. तुमच्या आजोबांना गाव दिसलं नाही यात त्यांचा फार दोष नाही. सपाटीच्या माणसाला गाव म्हणजे काय? मधे चावडी, मारुतीचं देऊळ, भिंतीला भिंत लावून घरं, भोवती शेतं. आमचं तसं नसतं. आमचं घर शेतात असतं. एक घर या टेकाडावर, दुसरं पलीकडच्या, मधे नाला. मुलाचं लग्न झालं की तो बापाच्या घराला खोली काढत नाही, थोडं दूर स्वतःचं घर बांधतो. बांबूच्या ताट्यांच्या भिंती, वरून शेणमातीचा गिलावा, वर कौलं. अशी दहा-वीस घरं मिळून एक फळ्या होतो. फळ्या म्हणजे पाडा. असे चार-सहा फळ्ये मिळून गाव. वाटेवर उभं राहून बघितलं तर दोन घरं दिसतील. पण त्या गावाला पाटील असतो, पुजारा असतो, शीव असते, वाघदेवाची जागा असते. दिवाळीसुद्धा गावाची स्वतःची असते. पंचांगाची नाही, गावाने बसून ठरवलेली. आमच्या गावची झाली की आठ दिवसांनी मामाच्या गावची. लहानपणी आम्ही तीन-तीन दिवाळ्या खायचो.

आता ती चार नावं बघा. वडफळ्या म्हणजे सरळच आहे, वडाचा फळ्या. रोषमाळमधला 'माळ' तोच जो तोरणमाळमध्ये आहे, डोंगरातली सपाट जागा. आमच्याकडची गावांची नावं मोठ्याने म्हणून बघा : काळापाणी, केलापाणी, राजबर्डी, मुंदलवड, चुलवड, हरणखुरी. पाणी कुठे आहे, टेकाड कुठे आहे, वड कुठे आहे, हरणं कुठून जातात. सगळ्या डोंगराचा नकाशा आहे तो, फक्त कागदावर नाही. ज्या जागेला नाव आहे तिथे माणूस आधीच पोचलेला असतो ना?

तुम्ही बाजार बसवला, दादा. गाव नाही.

आणि मीठ. माझी आजी सांगायची, पायलीभर चारोळीला पायलीभर मीठ. चारोळीचं एकेक फळ झाडावरून काढायचं, भिजवायचं, चोळायचं, वाळवायचं, जात्यावर हलकेच भरडून टरफल काढायचं. दिवसभरात ओंजळभर दाणे निघतात. आज दुकानात तिचा भाव विचारा आणि मिठाचा विचारा. आजीला भावाचं दुःख नव्हतं, ती म्हणायची, "मीठ लागतंच." तिला एकच गोष्ट सलायची. शेठ मीठ भरताना अंगठा मापाच्या आत ठेवायचा आणि चारोळी घेताना बाहेर.

मीनल_क

तो अंगठा डोळ्यांसमोरून जात नाहीये.

भटक्या_७३

सुंदर धागा. थोडं अवांतर : दिवाळीत अस्तंभा शिखर करायचा विचार आहे. धडगावहून जावं की तळोद्याहून? तोरणमाळही त्यातच जमेल का?

खान्देशी_अप्पा

@भटक्या_७३, यात्रेची मुख्य वाट तळोद्याहून. धनत्रयोदशीच्या सुमारास पोरं वाजतगाजत निघतात आणि पायी जातात. वर अश्वत्थामा आहे. कपाळावरची जखम भरत नाही म्हणून तो तेल मागत फिरतो असं आमची आई सांगायची. रात्री डोंगरात कुणी तेल मागितलं तर नाही म्हणू नये. शिखर तेराशे मीटरच्या वर आहे, चढाव खडा आहे. सँडल घालून येऊ नको.

तोरणमाळ एकदम वेगळ्या बाजूला. त्याला शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, काळापाणी असं जायचं. गोरखनाथाचं देऊळ, यशवंत तलाव, सीताखाई. महाशिवरात्रीला तर मध्य प्रदेश आणि गुजरातमधून माणूस येतो, पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही एका सुट्टीत करशील तर दोन्हीकडे नुसता घामच गाळशील.

बखरीचा_किडा

@उदईची_लेक, 'फळ्या'चा मुद्दा मान्य. गुजरातीत 'फळियुं' आहेच, तोच शब्द. म्हणजे या मुलखाचा ओढा खाली तापीकडे कमी आणि नर्मदेपलीकडे जास्त. पावरा समाजाच्या स्वतःच्या आठवणीतही गुजरातचा पावागड आणि नर्मदेपलीकडचं मथवाड येतात, म्हणजे वाट उत्तरेकडून. मग आणखी एक प्रश्न उरतो. पावरा जर उत्तरेकडून आले, तर तेही नंतरच आले. 'आधी कोण' हा खेळ खेळायचा तर पूर्ण खेळा.

उदईची_लेक

खेळू की. राणी काजल आमची देवी, तिचं ठाणं मथवाडकडे, हे आम्ही लपवत नाही, गाण्यात म्हणतो. आमच्या आधी आणि आमच्याबरोबर इथे भिल्ल होते, नहाल होते. "आम्ही पहिले" असं मी लिहिलंच नाही, वर जाऊन बघा. "तुमच्या आधी होतो" एवढंच लिहिलंय.

फरक सांगते. जो येऊन झाड तोडून शेत करतो आणि जागेला नाव देतो, तो वसतो. जो येऊन दुकान उघडतो तोही वसतो, नाही कशाला म्हणू? माझ्या वर्गात त्यांचीही मुलं आहेत, आमच्यापेक्षा झणझणीत पावरी बोलतात. पण त्याने "आधी काही नव्हतं" म्हणू नये.

वसाहत_क्र_४

मी क्वचित लिहितो. आमचं मूळ गाव नर्मदेच्या काठावर, अक्राणीतच. सरदार सरोवरात गेलं. महाराष्ट्रातली तेहतीस गावं गेली ना, त्यातलंच एक. आता तळोदा तालुक्यात पुनर्वसन वसाहतीत राहतो.

गाव कोणी वसवलं हे आम्हाला मात्र पक्कं माहीत आहे. सरकारने वसवलं. नकाशा आहे, प्लॉटला नंबर आहे, रस्ते काटकोनात आहेत. पहिल्या वर्षी माझा बाप रात्री झोपायचा नाही. म्हणायचा, "शेजारी खोकला तरी ऐकू येतो." मूळ गावात शेजारी म्हणजे हाक मारली तर ऐकू येईल इतक्या लांब. इथे दोन घरांमध्ये स्वतःचं झाड नाही, नाला नाही, भांडण झालं तर जायला जागा नाही.

वाघदेव मात्र आम्ही इथेही बसवला. वाघ नाही, डोंगर नाही, पण शीव आहे म्हटल्यावर तो लागतो.

बखरीचा_किडा

@वसाहत_क्र_४, हे वाचून मी माझा कचेरीचा सिद्धांत जरा मागे घेतो. कचेरीने वसवलेलं गाव कसं दिसतं ते तुम्ही सांगितलंत. धडगाव तसं दिसत नाही.

नर्मदेचा विषय निघालाच आहे तर उदईवरच्या बिलगावचंही नाव नोंदवून ठेवतो. तिथल्या बाराधारी धबधब्याजवळ गावकऱ्यांनी श्रमदानाने छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला होता. २००३ मध्ये दिवे लागले. २००६ मध्ये धरणाच्या फुगलेल्या पाण्यात तो गेला. गावाने तीन वर्षं स्वतःची वीज वापरली.

खान्देशी_अप्पा

धडगावचा बाजार बघायचा असेल तर दोन वेळा बघावा. एकदा होळीआधी, भोंगऱ्याला. ढोल, बासरी, नवे कपडे, चांदीचे दागिने, डाळ्या-गुळाचे ढीग. त्या दिवशी माझ्या गाडीत टपावरसुद्धा जागा नसायची.

दुसऱ्यांदा एप्रिल-मेमध्ये, आमचुराला. पाहुण्यांना हा दुसरा बाजार माहीत नसतो.

उदईची_लेक

अप्पांनी आमचूर काढलाच आहे तर लिहिते, कारण आमच्या घरी सध्या तेच चाललंय. कैरी पाडायची, पण जमिनीवर आपटू द्यायची नाही. मार लागलेली कैरी आतून तपकिरी होते. साल काढायची, सालीचा हिरवेपणा राहता कामा नये. मग फोडी करून खडकावर नाहीतर कापडावर उन्हात. तीन-चार दिवस कडक ऊन मिळालं तर फोड पांढरी राहते आणि वाकवली की कट्कन मोडते. मधेच अवकाळीचा एक शिडकावा आला की काळी पडते, आणि काळ्याचा भाव पांढऱ्याच्या जवळपासही नाही. म्हणून या महिन्यात आमच्याकडे लहान पोरंसुद्धा आभाळाकडे बघत जेवतात. आई रात्री दोनदा उठते. ढग दिसला की सगळं घर फोडी गोळा करायला बाहेर. बोटं कैरीच्या चिकाने सोलली गेली आहेत, हे टाइप करतानाही झोंबतंय.

तो आमचूर विकायला आम्ही धडगावलाच आणतो. आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे. अंगठा ठेवायला जागा नाही. भाव मात्र अजून समोरचाच सांगतो.

तापीकाठचा

चार दिवस इथे आलो नाही. खरं सांगायचं तर उदईच्या लेकीचा पहिला प्रतिसाद वाचून चिडलो होतो. आजोबांबद्दल कुणी असं बोललेलं घरात कधी ऐकलं नव्हतं. दोनदा लांबलचक उत्तर लिहिलं आणि दोन्ही वेळा पुसलं.

मग काल आईला फोन लावला. वय त्र्याऐंशी. तिला धाग्याबद्दल काही सांगितलं नाही. सहज विचारलं, दुकानातलं जुनं सामान कुठे आहे? म्हणाली, माळ्यावर आहे, तराजू विकला, मापं आहेत. मी म्हटलं, कुठली मापं? ती म्हणाली, "दोन पायल्या होत्या ना. एक द्यायची, एक घ्यायची."

मी विचारलं, दोन कशाला?

आई म्हणाली, "अरे, दुकानात दोनच असतात."

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने दोनच बघितल्या. आज सकाळी मी शहाद्याला जाऊन माळ्यावरून दोन्ही उतरवल्या. बाहेरून जुळ्या बहिणी. एकीत तांदूळ शिगोशीग भरले आणि दुसरीत ओतले. काठापर्यंत आलेच नाहीत. चांगली दोन बोटं जागा राहिली. तीनदा करून बघितलं.

ताई, अंगठा नसेलच कदाचित. त्याची गरजच नव्हती.

धाग्याचं शीर्षक बदलता येत नाही इथे, नाहीतर 'वसवलं कोणी' काढून टाकलं असतं. भोंगऱ्याला धडगावला यायचा विचार आहे. वडफळ्यातला तो वड अजून आहे का? बघायचा आहे.

उदईची_लेक

दादा, वडाचं विचारू नका. मी शाळेतल्या मुलांना हाच प्रकल्प दिला होता, 'आपला वड शोधा'. मुलं तीन म्हाताऱ्यांकडे गेली, तिघांनी तीन वेगळे वड दाखवले. चौथी आजी म्हणाली, तो तर माझ्या सासूच्या वेळीच पडला. मुलांनी वहीत चारही लिहून आणले. मी चौघांनाही पूर्ण गुण दिले.

या तुम्ही. आमच्या घरी उतरा, मोराची भगर (मोर म्हणजे आमच्याकडचं बारीक धान्य, पक्षी नव्हे) आणि उडदाची डाळ खायला घालते. आणि त्या दोन्ही पायल्या घेऊन या, एकच नको. शाळेत टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत. पाचवीला मापनाचा धडा आहे.

खान्देशी_अप्पा

भाऊ, होळीच्या आठवड्यात जाणार असशील तर शहाद्याहून सकाळची पहिली गाडी धर, नंतरच्या गाड्यांना लटकून जावं लागेल. आणि स्वतःची गाडी घेऊन चांदसैलीने जाणार असशील तर ब्रेक बघून घे. पायल्या डिकीत नीट बांध, वळणावर आदळतील.